गाडीच्या रंगावरची सायलेन्सरची काजळी: घासण्याआधी तिचा चिकटा सोडवा

गाडी धुतली, पुसली, चार पावलं मागे जाऊन पाहिली, तरी सायलेन्सरच्या तोंडाच्या वर बंपरवर एक करडी सावली तशीच असते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ती लांबूनही दिसते. काळ्या गाडीवर डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की बोट काळं होतं. शाम्पूने ती गेली नाही की पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. कापडाची घडी घट्ट धरायची आणि जोर लावायचा. काजळी जाते. मग एखाद्या दिवशी गाडी उन्हात तिरपी उभी राहते आणि त्याच जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे चमकायला लागतात. दोष धुराला दिला जातो, पण ते ओरखडे त्या कापडाने आणि त्या जोराने पडलेले असतात.

काजळी मुळात चिकटलेली का राहते हे एकदा लक्षात आलं, की ती काढायचा क्रम आपोआप सुचतो आणि जोर लावायची वेळ क्वचितच येते.

काजळी कशाची बनते

इंधन पूर्ण जळलं तर त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी होतं. दोन्हीला रंग नाही. जिथे हवा कमी आणि इंधन जास्त, तिथे कार्बन अर्धवट राहतो आणि त्याचे बारीक काळे कण तयार होतात. कंदिलाची वात गरजेपेक्षा वर चढवली की काच काळी होते, तोच प्रकार.

डिझेल इंजिनात दाबून तापवलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला जातो. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर असते, पण गाभ्यात ती पुरत नाही, आणि काजळीचा जन्म त्या गाभ्यात होतो. पेट्रोल गाडी काजळी करत नाही असं अनेकांना वाटतं. ते अर्धसत्य आहे. थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल मुद्दाम जास्त सोडलं जातं. शिवाय ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे त्याचा काही भाग पिस्टनच्या माथ्यावर ओला राहतो आणि धूर करत जळतो.

हे कण साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे असतात. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ७०,००० नॅनोमीटर. एका केसाच्या रुंदीत असे हजाराहून जास्त कण शेजारी शेजारी मावतील. ते सुटे फिरत नाहीत, एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घोसासारख्या साखळ्या करतात.

आता महत्त्वाचा भाग. हे कण कोरडे असते तर इतके घट्ट बसले नसते. पण धुरात न जळलेलं इंधन आणि इंजिन ऑइलची वाफही असते. धूर नळीतून बाहेर येऊन थंड होतो तशी ही वाफ कणांवर जमते आणि प्रत्येक कणाला तेलाचं पातळ वेष्टन बसतं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवरची धूळ आणि पुस्तकांच्या कपाटावरची धूळ आठवा. कपाटावरची एका फुंकरीत जाते. पंख्यावरची नुसत्या पाण्याने हलत नाही, उलट पसरते. धूळ तीच, फरक तेलाचा.

तिसरा घटक रस्त्याचा. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा एक पोकळ पट्टा तयार होतो. तो धूर आणि चाकांनी उडवलेली धूळ दोन्ही मागे ओढतो. म्हणून सपाट पाठीच्या गाड्यांची मागची बाजू सगळ्यात आधी मळते. या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांची कठीणता मोजायच्या मोह्स मापावर क्वार्ट्झचा आकडा ७ आहे, म्हणजे साध्या काचेपेक्षाही तो कठीण. गाडीच्या रंगाचा वरचा थर तर प्लास्टिकचाच एक प्रकार आहे. तेलात रुतलेली वाळू आणि वर कोरडं कापड: सँडपेपर बनवायला याहून वेगळं काही लागत नाही.

ज्याला जपायचं तो थर किती जाड असतो

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवा, जवळपास तेवढी. त्यात खाली प्रायमर, मध्ये रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. चकाकी त्याची, उन्हापासून राखण करणारी रसायनंही त्यातच. हा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो.

ओरखडा घालवायचा म्हणजे तो भरून काढायचा नसतो. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवायचा असतो. दर वेळी घासून काजळी काढली आणि मग ओरखडे घालवायला पॉलिश केलं, तर प्रत्येक खेपेला या मर्यादित साठ्यातून थोडं खर्च होतं. क्लिअर कोट फार पातळ झाला की ऊन त्याला पुरून उरतं. मग तो पांढुरका पडून पापुद्र्यांनी सुटतो, आणि त्यावर पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही.

बंपरची गोष्ट आणखी नाजूक. तो बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो. पत्रा घासताना निर्माण झालेली उष्णता आजूबाजूला पसरते, प्लास्टिकमध्ये ती एकाच जागी साचते आणि रंग पटकन मऊ पडतो. रंगाची जाडी मोजायचं साधं चुंबकीय मीटरही प्लास्टिकवर चालत नाही. किती थर उरलाय हे कळत नसताना हात जपूनच चालवायचा.

तो डाग काजळीचाच आहे ना?

मागच्या बाजूला काळं दिसणारं सगळं काजळी नसतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. ओळखायची एक सोपी रीत आहे. डागाची जागा आधी शाम्पूने धुऊन घ्या. पांढरं मायक्रोफायबर कापड टार रिमूव्हरने ओलं करा. टार रिमूव्हर म्हणजे डांबर आणि तेलकट डाग विरघळवणारं, गाडीच्या रंगासाठी बनवलेलं द्रावण. कापड डागावर नुसतं टेकवून ३० सेकंद धरा. घासू नका. मग उचलून कापड पाहा.

काजळी असेल तर कापडावर करडा-काळा ठसा येतो आणि त्याच्या कडेला तपकिरी, तेलकट कडा पसरते. मध्ये कण अडकलेले, बाहेर तेल झिरपलेलं. बंपरवर तेवढाच चौकोन उजळ दिसतो. हा ठसा दिसला की औषध लागू पडणार हे नक्की.

काळा टिपका विरघळून तपकिरी ओघळ आला तर ते डांबर. काहीच न येता हाताला खरखरीत कण लागले तर ते बहुधा ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. त्यांच्यासाठी वेगळं, जांभळा रंग सोडणारं आयर्न रिमूव्हर मिळतं. ते काजळीवर ओतून उपयोग नाही, कारण त्याची रासायनिक क्रिया लोखंडाशी होते, कार्बनशी नाही. कापडाला गाडीचाच रंग लागला तर मात्र तिथेच थांबा. गाडीवर क्लिअर कोट नसलेला जुन्या पद्धतीचा एकेरी रंग आहे किंवा क्लिअर कोट संपलेला आहे.

आणि प्लास्टिक पिवळट-तपकिरी होऊन किंचित वाकलं असेल, रंगाला फोड आले असतील, तर ती भाजल्याची खूण आहे. कुठल्याही बाटलीतून त्यावर उपाय निघत नाही.

काढायचा क्रम: हलकं आधी, जड नंतर

काम सावलीत करा. इंजिन, सायलेन्सर आणि बंपर पूर्ण गार झालेले हवेत. तापलेल्या रंगावर द्रावण सुकून स्वतःचेच डाग सोडतं. हातात नायट्राइलचे मोजे घाला, त्याचं कारण पुढे येतं.

सुरुवात पाण्याने. कापड न लावता फक्त धार मारायची, वरून खाली, म्हणजे सुटी वाळू निघून जाते. प्रेशर वॉशर असेल तर नोझल किमान ३० सेंटीमीटर लांब धरा आणि जिथे रंगाचा टवका उडालेला आहे तिथे धार रोखू नका. पाणी टवक्याच्या कडेखाली शिरून रंग उचलतं.

मग प्री-वॉश. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं काम हीच करते. गाडीसाठीचं सौम्य अल्कधर्मी क्लीनर, ज्याला बाजारात ऑल पर्पज क्लीनर म्हणतात, ते १ भागाला १० भाग पाणी या प्रमाणात घ्या. ५०० मिलीच्या फवारणीच्या बाटलीत ४५ मिली क्लीनर आणि वर ४५५ मिली पाणी. अल्कधर्मी द्रावण तेलाची पकड ढिली करतं आणि साबणी रेणू सुटलेल्या तेलाला कणांसकट पाण्यात उचलून धरतात. फवारा खालून वर मारा. वरून मारला तर खाली ओघळलेले पट्टे उरतात. ३ ते ५ मिनिटं राहू द्या, मात्र सुकू देऊ नका. वारा असेल तर पुन्हा हलका फवारा. करडं-काळं पाणी स्वतःहून ओघळायला लागतं. मग भरपूर पाण्याने धुवा.

प्रमाण वाढवून काम लवकर होईल असं वाटणं साहजिक आहे. तीव्र अल्कधर्मी द्रावण बंपरखालच्या काळ्या प्लास्टिकला पांढुरकं करतं आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर न जाणारे धुरकट डाग पाडतं. १:१० ने निम्मं गेलं तर तेच १:१० दुसऱ्यांदा वापरा.

यानंतर नेहमीची धुलाई, दोन बादल्यांची. एकीत कार शाम्पू, १० लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलं असेल तेवढं, सहसा २० ते ३० मिली. दुसरीत नुसतं पाणी. मऊ मिट, म्हणजे गाडी धुण्याचा हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, एक हात सरळ रेषेत फिरवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच परत शाम्पूत. एकच बादली असेल तर गाडीवरून काढलेली वाळू पुढच्या हाताबरोबर गाडीवर परत येते. सायलेन्सरजवळचा भाग सगळ्यात शेवटी आणि त्यासाठीचा मिट वेगळा. तो मिट नंतर बॉनेटवर वापरू नका, कितीही स्वच्छ दिसत असला तरी.

आठवडाभरातली काजळी इथे संपते. महिनोन्महिने तापून बसलेली उरते, आणि तिच्यासाठी टार रिमूव्हर. तो गाडीवर फवारण्यापेक्षा कापडावर घ्या. मागचे दिवे ॲक्रिलिकसारख्या प्लास्टिकचे असतात आणि काही द्रावणांनी त्यावर केसासारख्या भेगा पडतात. पार्किंग सेन्सर, रबरी पट्ट्या, अक्षरांचे स्टिकर यांपासूनही लांबच बरं. कापड डागावर ३० ते ६० सेकंद टेकवा, मग वजन न देता एका दिशेला ओढा. कापडाची घडी उलटा, स्वच्छ बाजू घ्या, पुन्हा तेच. एका कापडाच्या चार घड्या केल्या तर दोन्ही अंगांनी आठ स्वच्छ बाजू मिळतात. आठही काळ्या झाल्या की दुसरं कापड. इथे कंजुषी केली की काढलेलीच काजळी पुन्हा फासली जाते. शेवटी तो भाग शाम्पूने परत धुवा, कारण द्रावणाचा तेलकट अंश मागे राहतो आणि नवी धूळ त्यावरच येऊन बसते.

वाळल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पृष्ठभागावर बोटं हलकेच फिरवा. पिशवीतून खरखर जास्त जाणवते. गुळगुळीत लागलं तर काम झालं. खरखर असेल तर क्ले, म्हणजे अडकलेले कण ओढून काढणारी मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी. ३० ते ४० ग्रॅमचा तुकडा पुरतो. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने किंवा क्ले ल्युब्रिकंटने सतत निसरडा ठेवा, तुकडा चपटा करून सरळ रेषेत फिरवा, जोर हाताच्या वजनापेक्षाही कमी. सुरुवातीला तो अडखळतो, मग सरकायला लागतो. दर थोड्या वेळाने घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढा. तुकडा जमिनीवर पडला तर कचऱ्यात टाका. धुऊन वापरायचा मोह होईल, पण मऊ क्लेत रुतलेली वाळू धुण्याने निघत नाही.

“पेट्रोलच्या बोळ्याने दोन मिनिटांत जातं की!”

जातं, खरं आहे. पेट्रोल तेल विरघळवतं, म्हणून काजळीची पकड सुटते. कारखान्यात भाजून पक्का केलेला क्लिअर कोट पेट्रोलच्या एखाद्या स्पर्शाने खराब होत नाही, नाहीतर इंधन भरताना सांडलेल्या प्रत्येक थेंबाने रंग गेला असता. तरीही ते वापरू नये, आणि त्याची कारणं रंगापलीकडची आहेत. त्याची वाफ ठिणगीने पेट घेते, श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते. वर ते इतक्या लवकर उडून जातं की विरघळलेली काजळी उचलण्याआधीच परत बसते. मग माणूस जोर लावतो, आणि आपण पुन्हा सँडपेपरपाशी येतो. केरोसीन हळू उडतं, पण तेलकट थर सोडतं. टार रिमूव्हर याच जातीच्या द्रावणांपासून बनतो, फक्त त्यात उडण्याचा वेग आणि धुऊन निघण्याची सोय जमवलेली असते.

थिनर मात्र अजिबात नको. त्यात ॲसिटोन, टोल्युईनसारखी द्रावणं असतात. गॅरेजमध्ये दुरुस्तीनंतर मारलेला रंग, टचअप, एकेरी रंग यांना ती मऊ करतात. गाडीचा बंपर पूर्वी कधी रंगवला गेला असेल तर नव्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो, आणि सगळ्यात जास्त वेळा रंगवला जाणारा भाग तर तोच.

“मग टूथपेस्ट, भांड्यांचा साबण, मॅजिक स्पंज?”

टूथपेस्टमध्ये दात घासायला सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते, म्हणजे ते पॉलिशच आहे. फक्त त्याचे कण गाडीच्या रंगासाठी निवडलेले नाहीत. काजळीबरोबर थोडा क्लिअर कोटही जातो आणि जागा धुरकट दिसते.

भांड्यांच्या द्रव साबणाची बदनामी जरा जास्तच झालेली आहे. एकदा वापरल्याने रंग मरत नाही. तेल काढण्यात तो पटाईत असतो, पण त्याच कौशल्याने गाडीवरचं वॅक्सही उतरवतो, आणि वॅक्स नसलेल्या रंगावर पुढची काजळी आणखी घट्ट बसते. अडीअडचणीला चालेल, सवय नको. नंतर वॅक्स लावायचंच असेल तर एकदा वापरण्यात काही बिघडत नाही.

पांढरा मॅजिक स्पंज दिसतो मऊ, हाताला लागतो मऊ, पण तो मेलामाइनचा फेस आहे. त्याच्या सूक्ष्म कडक जाळीने तो घासतो, विरघळवत काहीच नाही. चकाकणाऱ्या रंगावर दोन फेरे मारले की तिथे मॅट चौकोन तयार. भांड्यांच्या हिरव्या घासणीबद्दल लिहायची गरज नसावी.

सगळं करूनही पिवळट छटा उरली तर

काजळीतलं तेल दीर्घकाळ उष्णतेने क्लिअर कोटच्या वरच्या पापुद्र्यात झिरपतं, विशेषतः पांढऱ्या बंपरवर. वर काही चिकटलेलं नसतं, म्हणून द्रावणाने काही निघत नाही. इथे पॉलिश करून वरचा मायक्रॉनभर थर काढणं हाच मार्ग. जपून केलेलं फिनिशिंग पॉलिश साधारण १ मायक्रॉनच्या आसपास काढतं. जाड कणांचं रबिंग कंपाउंड काही मायक्रॉन नेतं. म्हणून सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य पॉलिशने.

हाताने करायचं तर फोमचा ॲप्लिकेटर, त्यावर वाटाण्याएवढे दोन थेंब, तळहाताएवढी जागा, २० ते ३० फेरे आडवे, तेवढेच उभे. पुसा आणि पाहा. मशीन वापरायचं तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर, म्हणजे गोल फिरता फिरता हलणारं. नुसतं एका जागी गरगर फिरणारं रोटरी नवख्याने प्लास्टिकवर वापरू नये. मऊ फिनिशिंग पॅड, कमी वेग, एका वेळी ३० बाय ३० सेंटीमीटर. मधूनमधून हाताची मागची बाजू बंपरला लावा. कोमट लागलं तर चालेल, गरम लागलं तर थांबा. बंपरच्या कडा आणि उठावाच्या रेषांवर आधी मास्किंग टेप लावा. रंग मारताना कडेवर तो मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा दाब नेमका तिथे जास्त पडतो.

दोन फेऱ्यांनंतरही छटा तशीच असेल तर ती तशीच राहू द्यावी, असं आमचं मत. लांबून कुणाच्या लक्षात न येणाऱ्या पिवळेपणासाठी क्लिअर कोट संपवणं हा वाईट सौदा आहे.

मॅट रंग, रॅप आणि नुकताच मारलेला रंग

मॅट रंगाला क्ले आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य. त्याचा खडबडीतपणा हाच त्याचा देखावा असतो, एकदा चमकला की परत मॅट होत नाही. तिथे प्री-वॉश दोन-तीनदा आणि मॅटसाठीचा शाम्पू, बस. व्हिनाइल रॅप किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर टार रिमूव्हर आधी कोपऱ्यात तपासा आणि फिल्मच्या कडेपासून दूर ठेवा. द्रावण कडेतून आत शिरलं तर गोंद सुटतो. नव्याने मारलेल्या रंगातून पुढचे काही आठवडे द्रावण बाहेर पडत असतं. किमान महिनाभर त्याला फक्त पाणी आणि सौम्य शाम्पू दाखवा.

परत बसू नये म्हणून

स्वच्छ रंगावर वॅक्स किंवा सीलंटचा थर दिला की तेलाला धरायला जागा कमी मिळते आणि पुढची काजळी शाम्पूनेच सुटते. सायलेन्सरच्या आसपास मात्र कोणतं वॅक्स, हा प्रश्न आहे. कार्नोबा हे वनस्पतीपासून मिळणारं वॅक्स ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. धुराच्या झोतात येणारा बंपरचा कोपरा चांगलाच तापतो, म्हणून तिथलं कार्नोबा बाकीच्या गाडीच्या आधी निघून जातं. त्या जागी कृत्रिम सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं. काजळी पूर्ण काढल्याशिवाय ते लावू नका, नाहीतर करडी सावली कोटिंगखाली कायमची बंद होते.

खाली वाकून सायलेन्सरचं तोंडही पाहून घ्या. ते बंपरच्या कडेपेक्षा किंचित बाहेर यायला हवं. सायलेन्सर लटकवणारे रबरी हँगर ताणले किंवा तुटले की नळी आत सरकते किंवा वर उचलली जाते आणि धूर थेट बंपरच्या आतल्या कडेवर आदळतो. अशा वेळी दर आठवड्याला बंपर पुसण्यापेक्षा एक हँगर बदलणं स्वस्त पडतं.

मग गार झालेल्या नळीच्या आत बोट फिरवा. कोरडी, मऊ काळी पूड असेल आणि गाडी थेट इंजेक्शनची पेट्रोल असून तिला कणांचा फिल्टर नसेल, तर ते नेहमीचंच. चकचकीत, चिकट काळं लागलं तर इंजिन ऑइल जळत असण्याची शक्यता. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर दिसला तर ती बळावते. कणांचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीची नळी आतून जवळपास स्वच्छ राहते. तिथे बोट काळं झालं तर फिल्टरला तडा गेला असेल किंवा तो काढूनच टाकलेला असेल. ॲक्सिलरेटर दाबताच काळा धूर येत असेल तर कोंदलेला एअर फिल्टर, थेंब सोडणारा इंजेक्टर किंवा टर्बोच्या होजमधली गळती तपासायला सांगा.

मोजे कशासाठी, आणि वापरलेल्या कापडांचं काय

१७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध त्यांच्या कातडीवर साचणाऱ्या काजळीशी जोडला. एखाद्या धंद्यातल्या पदार्थाकडे कर्करोगाचं कारण म्हणून बोट दाखवण्याचं ते फार जुनं उदाहरण. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वर्षातून चार वेळा बंपर पुसल्याने घाबरायचं कारण नाही, पण मोज्याशिवाय काजळी हाताळायचंही काही कारण नाही. कोरडी काजळी ब्रशने झटकू नका. ती गाडीवरून थेट नाकात जाते. ओली करूनच काढा.

टार रिमूव्हरने भिजलेली कापडं गोळा करून बंद डब्यात ठेवू नयेत, वाफ साचते आणि ती पेट घेणारी असते. उघड्यावर, आगीपासून लांब पसरून पूर्ण वाळू द्या. मग बाकीच्या कपड्यांपासून वेगळी, कोमट पाण्यात द्रव साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो तंतूंवर थर चढवून त्यांची शोषण्याची ताकद मारतो. धुऊनही जी करडी राहिली त्यांच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवा आणि पुढे फक्त सायलेन्सर आणि चाकांसाठी वापरा.